आपल्या खासदाराच्या मताची नोंद कशी शोधावी आणि कशी वाचावी

लोकसभेत महाराष्ट्रातून ४८ आणि गोव्यातून २ खासदार निवडून जातात. राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत आणि गोव्याची १. यांपैकी आपल्या खासदाराने अमुक एका विधेयकावर काय मत दिले, हा प्रश्न मतदाराला पडणे स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तर कुठल्यातरी तक्त्यात सहज सापडेल असे वाटणेही स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात पहिल्यांदा शोधायला बसणारा माणूस बहुधा तासाभरात हात टेकतो. माझेही तसेच झाले होते. २०२० च्या सप्टेंबरात शेतीविषयक विधेयके राज्यसभेत संमत झाल्यावर आमच्या वाचनालयातील काही मंडळींनी मला महाराष्ट्रातील सदस्यांची मते काढून द्यायला सांगितले. मी दोन संध्याकाळी कामकाजाचे अहवाल चाळले आणि शेवटी उमगले की मी शोधत होतो ती यादी तयारच झालेली नव्हती. जो हे काम नव्याने करू पाहतो आहे, मग तो प्रथमच मतदान करणारा विद्यार्थी असो वा तालुक्याच्या साप्ताहिकाचा वार्ताहर, त्याच्या या दोन संध्याकाळी वाचाव्यात म्हणून पुढील पायऱ्या लिहीत आहे.

पायरी १ : मतविभाजन झाले होते का, हे आधी पाहा

आपल्या संसदेत बहुतेक प्रस्ताव आवाजी मतदानाने संमत होतात. पीठासीन अधिकारी प्रस्ताव मांडतात, बाजूचे सदस्य ‘होय’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात, आणि कोणता आवाज मोठा हे पीठावरून ठरवून प्रस्ताव संमत झाल्याचे जाहीर केले जाते. या पद्धतीत कोणाचेही नाव कागदावर उतरत नाही. एखाद्या सदस्याने त्या निर्णयाला हरकत घेऊन मतविभाजन मागितले, तरच लॉबी मोकळ्या करण्याचा आदेश निघतो, घंटा वाजतात, दरवाजे बंद होतात आणि प्रत्येक सदस्याचे मत नावानिशी नोंदवले जाते. लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये आणखी एक तरतूद आहे, जी नवख्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. मतविभाजनाची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे राहायला सांगून केवळ डोकी मोजू शकतात, आणि अशा मोजणीतही नावे नोंदवली जात नाहीत.

शेती विधेयकांच्या वेळी नेमका हाच पेच होता. २० सप्टेंबर २०२० रोजी उपसभापती हरिवंश पीठावर असताना दोन विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. विरोधी सदस्य मतविभाजन मागत होते. ती मागणी सदस्यांनी आपापल्या जागेवरून केली नव्हती, असे पीठाच्या बाजूने नंतर सांगण्यात आले आणि विरोधकांना ते मान्य झाले नाही. दुसऱ्या दिवशी गोंधळाच्या कारणावरून आठ सदस्य निलंबित झाले, त्यांत महाराष्ट्राचे राजीव सातव होते. हे कायदे मागे घेणारे विधेयक २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांत चर्चेविना आणि आवाजी मतदानानेच संमत झाले. देश वर्षभर ज्या कायद्यांवर भांडत होता, त्यांच्या येण्याच्या आणि जाण्याच्या अशा दोन्ही वेळी राज्यसभेच्या एकाही सदस्याचे मत नावानिशी नोंदले गेले नाही. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते. आपल्या प्रतिनिधीचे मत जाणण्याचा मतदाराचा हक्क सभागृहातल्या त्या दोन मिनिटांवर अवलंबून आहे, आणि म्हणून मतविभाजनाची मागणी करणारा सदस्य, त्याचा पक्ष कोणताही असो, तुमच्याआमच्यासाठीही काहीतरी करत असतो.

एका प्रकारच्या विधेयकांबाबत मात्र नोंद हमखास मिळते. घटनादुरुस्तीला अनुच्छेद ३६८ प्रमाणे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात, त्यामुळे तिथे मतविभाजन घ्यावेच लागते. नवख्याने सरावासाठी एखादी घटनादुरुस्ती निवडावी.

पायरी २ : यादी काढा

प्रथम संसद डॉट इन या अधिकृत संकेतस्थळावर त्या विधेयकाचे पान उघडावे. तिथे विधेयक कोणत्या तारखेला मांडले गेले आणि कोणत्या सभागृहात कधी संमत झाले, हे दिलेले असते. तारीख हातात आली की त्या सभागृहाच्या त्या दिवशीच्या कामकाजाचा शब्दशः अहवाल उघडावा. येथे एक खबरदारी घ्यावी. महत्त्वाची मतदाने पुष्कळदा मध्यरात्रीनंतर होतात, पण अहवाल मात्र बैठक ज्या दिवशी सुरू झाली त्या तारखेखाली असतो. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत मतदान झाले तेव्हा घड्याळात १० डिसेंबर उजाडला होता, तरी ती बैठक ९ डिसेंबरचीच होती.

अहवाल लांबलचक असतो, दोनशे-तीनशे पानांचाही. त्यात इंग्रजीतला ‘डिव्हिजन’ हा शब्द शोधावा. त्या शब्दापुढे त्या मतविभाजनाचा क्रमांक आणि वेळ असते. खाली ‘आइज’ म्हणजे होकाराची यादी आणि तिच्यानंतर ‘नोज’ म्हणजे नकाराची. लोकसभेच्या यादीत आडनाव आधी येते आणि मग श्री, श्रीमती किंवा डॉ. लावून नाव, आणि सगळे इंग्रजी वर्णानुक्रमाने. म्हणून शोधताना आडनावानेच शोधावे, आणि पाटील, शिंदे, जाधव अशी आडनावे असतील तर पूर्ण नाव डोळ्यांनी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये; मी स्वतः एकदा एका पाटलांचे मत दुसऱ्या पाटलांच्या नावावर लिहून ठेवले होते.

यादीच्या खाली दोन-तीन बारीक ओळी असतात, त्या सोडू नयेत. ‘दुरुस्तीच्या अधीन राहून निकाल असा’ या अर्थाचे वाक्य तिथे असते. यंत्रात ज्यांचे मत उमटले नाही किंवा चुकीचे बटण दाबले गेले, ते सदस्य चिठ्ठीने मत नोंदवतात किंवा दुरुस्त करतात, आणि त्याची नोंद तळटीपेत केली जाते. वाहिन्यांवर त्या क्षणी झळकलेला आकडा आणि अहवालातला अंतिम आकडा यांत फरक पडतो तो यामुळे. नव्या संसद भवनात लोकसभेने यंत्राद्वारे पहिले मतविभाजन घेतले ते १७ डिसेंबर २०२४ रोजी, एकत्रित निवडणुकांची विधेयके मांडण्याच्या प्रश्नावर. त्याआधी त्याच भवनात चिठ्ठ्यांवर काम भागवले गेले होते. बातमीतला आकडा आणि अहवालातला आकडा वेगळे दिसले, तर अहवालावर विसंबावे.

आणखी एक. एकाच विधेयकावर अनेक मतविभाजने होऊ शकतात: विधेयक विचारात घ्यावे का यावर, एखाद्या कलमावर, एखाद्या सदस्याने सुचवलेल्या दुरुस्तीवर, आणि शेवटी मंजुरीच्या प्रस्तावावर. दुरुस्तीला ‘होय’ म्हणणारा सदस्य मूळ विधेयकाला ‘नाही’ म्हणू शकतो. प्रस्ताव नेमका काय होता, हे यादीच्या आधीच्या परिच्छेदात वाचूनच नोंद करावी.

पायरी ३ : मताचा अर्थ लावण्याआधी थांबा

यादीत नाव सापडले की काम संपले असे वाटते. खरे काम इथे सुरू होते.

पहिला विचार पक्षादेशाचा, म्हणजेच व्हिपचा. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, पक्षाच्या आदेशाविरुद्ध पूर्वपरवानगीशिवाय मत देणारा किंवा मतदानापासून दूर राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. पक्षाने १५ दिवसांत त्याला माफ केले तरच तो वाचतो. परिणाम असा की सरकारी विधेयकावरचे मत हे बहुतेक वेळा खासदाराचे नसून त्याच्या पक्षाचे असते. म्हणून मताच्या नोंदीशेजारी ‘पक्षाची भूमिका’ असा एक रकाना ठेवावा. दोन्ही जुळत असतील, तर त्या मतावरून खासदाराच्या वैयक्तिक विचाराबद्दल फारसे काही सांगता येत नाही. जुळत नसतील, तर मात्र त्याची कारणे शोधण्यासाठी दिवस खर्च करावा.

दुसरा विचार तटस्थ राहण्याचा. लोकसभेच्या मतदान यंत्रणेत हिरवे बटण होकाराचे, लाल नकाराचे आणि पिवळे तटस्थतेचे असते. पिवळे बटण दाबणाऱ्याची नोंद राहते. सभात्याग करून बाहेर गेलेला, आजारी असलेला, मतदारसंघात लग्नाला गेलेला आणि निलंबित झालेला असे चौघेही यादीत सारखेच अदृश्य असतात. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ सदस्य निलंबित झाले होते. १९ डिसेंबरला निलंबित झालेल्या ४९ जणांत सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे होते. भारतीय न्याय संहिता आणि तिच्या सोबतची दोन फौजदारी विधेयके लोकसभेने दुसऱ्याच दिवशी आवाजी मतदानाने संमत केली. त्या दिवशी हे दोघे सभागृहात का नव्हते, हे कोणत्याही मतयादीवरून कळणार नाही. ते त्या आठवड्याच्या कामकाजातूनच कळेल. त्यामुळे नाव नसेल तिथे ‘गैरहजर’ असे एका शब्दात लिहून मोकळे होऊ नये. कारण शोधावे, आणि सापडले नाही तर ‘नाव नाही’ इतकेच लिहावे.

तिसरा विचार पक्षाच्या दोन सभागृहांतल्या भूमिकेचा. नागरिकत्व दुरुस्ती विधेयक लोकसभेत ३११ विरुद्ध ८० मतांनी आणि ११ डिसेंबर २०१९ रोजी राज्यसभेत १२५ विरुद्ध १०५ मतांनी संमत झाले. तेव्हाच्या एकसंध शिवसेनेने लोकसभेत बाजूने मत दिले आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. ‘शिवसेनेने पाठिंबा दिला’ आणि ‘शिवसेनेने पाठिंबा दिला नाही’ ही दोन्ही वाक्ये त्यामुळे अर्धीच ठरतात. महाराष्ट्राच्या वाचकाने तर पक्षाचे नाव लिहिताना मतदानाच्या दिवशीचा पक्ष लिहिण्याची सवय लावून घ्यावी, कारण शिवसेना २०२२ मध्ये आणि राष्ट्रवादी काँग्रेस २०२३ मध्ये फुटल्यापासून आजचे लेबल जुन्या मताला लावले की सारा अर्थ उलटतो.

चौथा विचार कारणांचा, आणि त्यासाठी एक उदाहरण जवळून पाहू. महिला आरक्षणाचे घटनादुरुस्ती विधेयक २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असे संमत झाले. विरोधातल्या दोन मतांपैकी एक हैदराबादचे असदुद्दीन ओवेसी यांचे आणि दुसरे औरंगाबाद मतदारसंघाचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचे होते. नुसती यादी पाहणारा म्हणेल की हे दोघे महिलांच्या प्रतिनिधित्वाच्या विरोधात आहेत. त्याच दिवशीचे भाषण वाचणाऱ्याला दिसेल की या आरक्षणात इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम महिलांना स्वतंत्र वाटा नाही, हा त्यांच्या पक्षाचा आक्षेप होता. तो आक्षेप पटावा की पटू नये, हे वाचकाने ठरवावे. पण तो माहीत नसताना मतावर शेरा मारणे हा त्या खासदारावर आणि त्याला निवडून देणाऱ्यांवर अन्याय आहे. म्हणून माझा नियम असा आहे की ज्या मताबद्दल मी काही लिहिणार आहे, त्या विषयावरचे त्या सदस्याचे भाषण, असल्यास, संपूर्ण वाचल्याशिवाय लिहायचे नाही.

काही मते तर मुळातच कळत नाहीत. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांची निवडणूक गुप्त मतदानाने होते. ९ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी उपराष्ट्रपती झाले आणि १५ मते बाद ठरली. त्यांत आपल्या खासदाराचे मत कोणते, हे सांगणारा कोणीही अंदाजच सांगत असतो.

पायरी ४ : हजेरी आणि प्रश्न यांचे आकडे जपून वापरा

संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराची हजेरी, चर्चेतला सहभाग, विचारलेले प्रश्न आणि खासगी विधेयके (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) यांचे आकडे राष्ट्रीय आणि राज्याच्या सरासरीसह मिळतात. निवडणूक आली की हेच आकडे फलकांवर झळकतात. ते चुकीचे नसतात, पण अपुरे असतात. हजेरी म्हणजे त्या दिवशी नोंद झाली इतकेच. सदस्य सभागृहात दहा मिनिटे बसला की सात तास, हे त्यातून कळत नाही. मंत्री, लोकसभा अध्यक्ष आणि विरोधी पक्षनेते यांच्यावर हजेरी नोंदवण्याचे बंधन नाही, आणि मंत्री प्रश्न विचारत नाहीत, त्यांना उत्तरे द्यायची असतात. त्यामुळे नितीन गडकरी, पीयूष गोयल, मुरलीधर मोहोळ, रक्षा खडसे किंवा गोव्याचे श्रीपाद नाईक यांच्या नावापुढे २०२४ नंतर प्रश्नांचा रकाना रिकामा दिसला, तर त्याला निष्क्रियता म्हणता येणार नाही.

प्रश्न मोजण्यापेक्षा वाचावेत. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. राज्यसभेत १५ आणि १६०. कोणाचे प्रश्न येणार हे सोडतीने ठरते. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकिताचे लेखी मिळते. मी साधारण वीस प्रश्न सलग वाचतो: ते मतदारसंघातल्या कापूस, कांदा, रेल्वेमार्ग, पाणीयोजना यांच्याशी जोडलेले आहेत का, आधीच्या उत्तराचा पाठपुरावा केलेला आहे का, की तोच मजकूर अनेक सदस्यांच्या नावाने फिरतो आहे. २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात ११ खासदारांचे सदस्यत्व रद्द झाले होते, ही गोष्ट प्रश्नसंख्येचे कौतुक करताना विसरू नये. खासगी विधेयकांचेही तसेच आहे. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायद्यात रूपांतरित झालेले नाही, तरी सदस्याला स्वतःला काय वाटते हे जाणण्यासाठी ती वाचण्याजोगी असतात, कारण त्यांचा विषय तो स्वतः निवडतो.

पायरी ५ : समित्यांकडे वळा

संसदेचे बारकाईचे काम समित्यांमध्ये चालते आणि तिथे कॅमेरे नसल्याने ते लोकांपर्यंत पोहोचत नाही. मंत्रालयांशी निगडित २४ स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत जास्तीत जास्त ३१ सदस्य, त्यांत २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. सरकारी खर्चाचे हिशेब तपासणारी लोकलेखा समिती २२ जणांची असते आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी बाकांवरील सदस्याकडे देण्याचा प्रघात आहे. खासदार कोणत्या समितीवर आहे, हे त्याच्या अधिकृत परिचयपानावर दिलेले असते. पण सदस्य असणे आणि काम करणे यांत अंतर आहे. ते मोजण्यासाठी समितीचा अहवाल शेवटाकडून उघडावा. परिशिष्टात बैठकांचे कार्यवृत्त असते, आणि प्रत्येक कार्यवृत्ताच्या डोक्यावर त्या बैठकीला हजर असलेल्या सदस्यांची नावे असतात. पाच अहवालांची कार्यवृत्ते चाळली, तर तुमचा खासदार किती बैठकांना बसला हे तुम्ही स्वतः मोजू शकता. हे काम कंटाळवाणे आहे, पण फलकावरच्या कोणत्याही टक्केवारीपेक्षा मला त्याचे मोल अधिक वाटते.

अहवालाला जोडलेली भिन्नमतपत्रिकाही पाहावी. ज्याला बहुमताचा निष्कर्ष मान्य नाही, तो सदस्य आपले म्हणणे लेखी नोंदवतो. वक्फ दुरुस्ती विधेयकावरील संयुक्त समितीत विरोधी सदस्यांनी अशी भिन्नमते जोडली होती. पुढे एप्रिल २०२५ मध्ये ते विधेयक लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ आणि राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ असे संमत झाले. सभागृहातले मत एका शब्दाचे असते, तर भिन्नमतपत्रिकेत कलमवार कारणे मिळतात.

पायरी ६ : सभागृहाबाहेरची पदे

आता उरतात ती सार्वजनिक पदे. जिल्ह्यातील केंद्रीय योजनांवर देखरेख करणाऱ्या ‘दिशा’ समितीचे अध्यक्षपद लोकसभा सदस्याकडे असते. तिच्या बैठका किती झाल्या, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारता येते. खासदार निधी वर्षाला ५ कोटी रुपयांचा असतो, पण खासदार केवळ कामे सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासन करते, म्हणून निधी पडून राहिला तर दोष कोणाचा हे फाइल पाहिल्याशिवाय ठरवू नये. कोविडमुळे एप्रिल २०२० ते नोव्हेंबर २०२१ या काळात ही योजना थांबवली होती, त्या वर्षांची तुलना इतर वर्षांशी करू नये. परदेशी शिष्टमंडळांसारख्या भूमिकाही नोंदवाव्यात: मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर पाठवलेल्या सात शिष्टमंडळांपैकी एकाचे नेतृत्व श्रीकांत शिंदे यांनी आणि एकाचे सुप्रिया सुळे यांनी केले, म्हणजे एक सत्ताधारी बाकांवरचे आणि एक विरोधी.

खासदाराचे व्यावसायिक हितसंबंधही याच खात्यात येतात. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. त्यात कंपनीचे संचालकपद, सल्लागारी, व्यावसायिक काम, नियंत्रण देणारी भागधारणा यांची माहिती सदस्याने द्यायची असते. निवडणुकीच्या वेळचे प्रतिज्ञापत्र हा मालमत्ता आणि खटले यांचा दुसरा आधार. एखाद्या विधेयकावर जोरदार बोलणाऱ्या सदस्याचा त्याच धंद्यात वाटा आहे का, हे हे दोन कागद शेजारी ठेवले की दिसते.

पायरी ७ : एक पानाचा तक्ता

हे सारे एका आडव्या पानावर मांडावे. रकाने असे: विधेयक, सभागृह, बैठकीची तारीख, प्रस्तावाचा टप्पा, मतविभाजनाचा क्रमांक, खासदाराचे मत, त्या दिवशीचा पक्ष, पक्षाची भूमिका, भाषण झाले का. वर्षाला दहा-बारा विधेयके पुरेत; शेती, आरोग्य, शिक्षण, निवडणुका अशा तुमच्या गावाला भिडणाऱ्या विषयांतली निवडावीत, आणि ती निवड मते पाहण्याआधी करावी, म्हणजे आपल्या आवडीनिवडीप्रमाणे पुरावा गोळा होत नाही. जिथे मतविभाजन झाले नाही, तिथे मताच्या रकान्यात ‘आवाजी, नोंद नाही’ असे लिहावे. बातम्यांवरून किंवा पक्षावरून अंदाज बांधून ‘बाजूने’ किंवा ‘विरोधात’ असे कदापि लिहू नये. तक्ता पूर्ण झाला की त्याची प्रत खासदारांच्या मतदारसंघातील कार्यालयात देऊन पोच घ्यावी आणि ज्या ओळींवर ‘आवाजी, नोंद नाही’ लिहिले आहे त्या ओळींपुढे त्यांनी आपले मत लेखी कळवावे, अशी विनंती करावी. उत्तर आले तर ते तारखेसह त्याच पानावर, पण निराळ्या शाईने उतरवावे, म्हणजे संसदेने नोंदवलेले मत कोणते आणि खासदारांनी मागाहून सांगितलेले कोणते, हे वाचणाऱ्याला वेगळे दिसेल.